संगणकाची कवचे आणि त्यांचे हौशी कारागीर

विंडोज ९५ ही प्रणाली ज्या ज्या संगणकावर बसविलेली असे, त्या प्रत्येकाच्या पोटात ‘सिस्टिम डॉट आयएनआय’ या नावाची एक साधी मजकुराची फाइल असे. तिच्या आरंभीच्या भागात एक छोटीशी ओळ होती. ‘शेल’ हा शब्द, त्यापुढे बरोबरचे चिन्ह, आणि त्यापुढे ‘एक्सप्लोरर’ हे नाव, एवढाच तिचा मजकूर. यंत्र सुरू झाल्यावर माणसाच्या डोळ्यांसमोर काय उभे राहावयाचे, याचा निकाल या ओळीने होत असे. डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यातील ‘स्टार्ट’ हे बटन, त्याला लागून पसरलेली करड्या रंगाची पट्टी, मेजावर मांडून ठेवल्यासारखी दिसणारी चित्रे, हे सारे म्हणजेच विंडोज अशी बहुतेकांची समजूत होती. वस्तुस्थिती तशी नव्हती. तो सगळा देखावा एक्सप्लोरर नामक एका आज्ञावलीने उभा केलेला असे. आणि त्या ओळीतील तिचे नाव खोडून तेथे दुसऱ्या आज्ञावलीचे नाव लिहिले, की पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना तो देखावा नाहीसा होऊन त्याच्या जागी निराळेच जग अवतरत असे.

विसावे शतक संपून एकविसावे सुरू होण्याच्या सुमारास ही ओळ बदलून पाहणारे हौशी लोक देशोदेशी विखुरलेले होते. त्या वेळी विशीत असलेली ही मंडळी आज पन्नाशीकडे झुकली आहेत, आणि त्या दिवसांविषयी बोलताना त्यांच्या स्वरात एक हुरहूर असते. मेजावरील चित्रे आणि पट्ट्यांचे रंग यांबद्दल एवढे हळहळण्यासारखे काय आहे, असे तिऱ्हाइताला वाटावे, हे स्वाभाविक आहे. परंतु या हौसेचा इतिहास पाहू गेल्यास तिच्या मुळाशी रंगरूपापेक्षा बराच गंभीर असा एक प्रश्न असल्याचे आढळून येते. यंत्राचे मुख कोणाच्या मालकीचे, घडविणाऱ्याच्या की वापरणाऱ्याच्या, हा तो प्रश्न होय.

‘शेल’ या शब्दाचा संगणकाशी संबंध जोडला तो लुई पूझाँ या फ्रेंच अभियंत्याने. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठात काम करीत असता, १९६५ च्या सुमारास, त्याने मल्टिक्स या नियोजित प्रणालीसाठी अशी कल्पना मांडली की, माणसाच्या आज्ञा ऐकून घेण्याचे काम प्रणालीच्या गाभ्यात गुंतवून ठेवू नये. ते बाहेरच्या एका स्वतंत्र आज्ञावलीकडे सोपवावे. ग्लेंडा श्रोडर या विदुषीने अशी पहिली आज्ञावली प्रत्यक्ष लिहून काढली. नारळाच्या उपमेने ही रचना चटकन ध्यानात येते. आत खोबरे, बाहेर करवंटी. हिशेब, स्मृतीची वाटणी, तबकडीवरील लेखन-वाचन ही सारी कामे खोबऱ्याची. आणि ज्यास माणसाचा हात लागतो ती करवंटी. फरक इतकाच की नारळाची करवंटी बदलता येत नाही, संगणकाची येते.

ही बदलण्याची सोय युनिक्सने पुढे सर्रास केली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून आकारास आलेल्या या प्रणालीत शेल ही इतर कोणत्याही आज्ञावलीसारखीच एक आज्ञावली मानली जाई. प्रणालीच्या रचनेत तिला कोणताही विशेष मान नव्हता. केन थॉम्प्सन याने लिहिलेले पहिले शेल मागे पडून १९७९ साली स्टीफन बोर्न याचे शेल आले. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील बर्कली येथे बिल जॉय याने आपले निराळे शेल तयार केले. आणि कोणाला कोणते हवे याचा वाद न घालता दोन्ही एकाच यंत्रावर सुखाने नांदू लागली. प्रत्येक वापरणाऱ्याच्या नावाची एक ओळ एका फाइलीत असे व त्या ओळीच्या अखेरीस त्याच्या पसंतीच्या शेलचे नाव असे. म्हणजे विंडोजमधील त्या ओळीची थोरली बहीण युनिक्समध्ये बरीच आधी जन्मली होती.

अर्थात हे झाले अक्षरांचे शेल. चित्रे, खिडक्या आणि मेज यांची भाषा संगणकाच्या पडद्यावर आली ती झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेतून, १९७३ नंतरच्या दशकात. तेथून ती ॲपलच्या मॅकिंटॉशवर १९८४ साली आणि मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवर १९८५ साली पोहोचली, ही कथा अनेकदा सांगून झाली आहे. येथे महत्त्वाची आहे ती त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्सच्या त्याच विद्यापीठात जन्मलेली ‘एक्स’ नावाची खिडक्यांची पद्धती. खिडकी रेखाटण्याची यंत्रणा आपण पुरवावी, पण खिडकीला चौकट कशी असावी, ती कोठे मांडावी, बटने कोणत्या बाजूस असावीत, ही धोरणे आपण ठरवू नयेत, असे तिच्या कर्त्यांनी मुद्दाम ठरविले. धोरण ठरविण्याचे काम ‘विंडो मॅनेजर’ नामक वेगळ्या आज्ञावलीवर सोडलेले होते, आणि तशी आज्ञावली ज्याला येईल त्याने लिहावी अशी मुभा होती. तिचा परिणाम काय झाला असेल ते वेगळे सांगावयास नको. एकाच पद्धतीची डझनावारी रूपे निर्माण झाली. त्यांतील पुष्कळशी कुरूप होती, हेही खरे.

सौंदर्य आले ते मात्र एका फसलेल्या धंद्यातून. ॲपलमधून बाहेर पडल्यावर स्टीव्ह जॉब्स याने ‘नेक्स्ट’ ही कंपनी काढली व १२ ऑक्टोबर १९८८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील एका संगीतसभागृहात आपला काळा चौकोनी संगणक लोकांपुढे ठेवला. त्याची किंमत ६,५०० डॉलर होती. पडद्यावर काळा, पांढरा आणि मधल्या दोन करड्या छटा, एवढेच रंग. पण त्या चार छटांत प्रत्येक बटन जणू दगडात कोरून काढल्यासारखे दिसे. पडद्याच्या उजव्या कडेला चौकोनी चित्रांची एक उभी रांग असे. तिला ‘डॉक’ म्हणजे गोदी असे नाव होते. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली याने जगातील पहिला वेब-ब्राउझर १९९० साली लिहिला तो याच यंत्रावर. इतकी कीर्ती असूनही ही यंत्रे सारी मिळून पन्नास हजारांच्या आसपासच खपली, आणि १९९३ साली कंपनीने यंत्रे बनविणे बंद केले.

ज्यांना ते यंत्र कधीच परवडणार नव्हते अशांनी त्याचे रूप जिवंत ठेवले, हा या इतिहासातील मोठा मौजेचा भाग. लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली नुकतीच पसरू लागली होती. रॉबर्ट नेशन याने १९९३ साली एक्स पद्धतीसाठी एफव्हीडब्ल्यूएम नावाचा आटोपशीर विंडो मॅनेजर लिहिला होता. त्याला नेक्स्टचा वेष चढवून ‘आफ्टरस्टेप’ तयार झाला. आणि १९९७ साली अल्फ्रेडो कोजिमा या ब्राझीलमधील तरुणाने त्याच रूपावर ‘विंडो मेकर’ नव्याने उभारला. मूळच्या गोदीला आफ्टरस्टेपवाल्यांनी ‘व्हार्फ’ म्हणजे धक्का असे नाव दिले. मुंबईकरास गोदी आणि धक्का यांतील नाते समजावून सांगण्याचे कारण नाही. नाव बदलले तरी बोटी त्याच.

आता विंडोजकडे वळावयास हरकत नाही. विंडोज ३.१ च्या काळापासून ती ओळ तेथे होतीच. त्या वेळी तिच्यात ‘प्रोग्राम मॅनेजर’ हे नाव असे. ते काढून १९९१ साली निघालेला नॉर्टन डेस्कटॉप बसविणारे लोक पुष्कळ होते. परंतु तो व्यवहारी मामला होता. फाइली सापडाव्यात, काम भरभर व्हावे, एवढाच त्यातील हेतू. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आले आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आतबाहेर फ्रान्सिस गॅस्टेलू नामक एका प्रोग्रामरने ‘लाइटस्टेप’ हे शेल लिहिले, तेव्हा या हौसेचे स्वरूप पालटले. लाइटस्टेप म्हणजे विंडोजवर चढविलेले आफ्टरस्टेप. आणि आफ्टरस्टेप म्हणजे लिनक्सवर चढविलेले नेक्स्ट. म्हणजे ही नकलेची नक्कल होती. पुढे त्याच्या आज्ञावलीचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला करण्यात आला आणि ते एकट्या गॅस्टेलूचे राहिले नाही.

त्याची रचना मोठी उद्बोधक होती. लाइटस्टेप स्वतः जवळजवळ काहीच करीत नसे. ‘स्टेप डॉट आरसी’ नावाची मजकुराची एक फाइल ते वाचे, आणि तीत ज्या ज्या सुट्या भागांची नावे लिहिलेली असतील ते ते भाग गोळा करून कामाला लावी. धक्का हा एक भाग. उजवे बटन दाबल्यावर उघडणारी याद्यांची वेल हा दुसरा. घड्याळ हा तिसरा. एका पडद्याचे चार किंवा नऊ पडदे करून त्यांवर निरनिराळी कामे पसरून देणारा आणखी एक. हे भाग निरनिराळ्या देशांतील निरनिराळ्या लोकांनी लिहिलेले असत. नको असलेल्या ओळीच्या आधी अर्धविराम टाकला की ती ओळ निर्जीव होई. अर्धविराम काढला की पुन्हा जिवंत. ज्याने आयुष्यात कधी आज्ञावली लिहिली नव्हती, असा एखादा विद्यार्थी रात्री दोन वाजेपर्यंत असे अर्धविराम घालीत आणि काढीत बसे, आणि त्यातून नकळत त्याला पुष्कळ गोष्टी समजू लागत. शेल म्हणजे काय, स्मृती कोठे खर्च होते, एक भाग दुसऱ्याशी कसा बोलतो, हे कोणत्याही वर्गात न बसता त्याच्या अंगवळणी पडे.

चूक झाली तर शिक्षाही रोकडी असे. नावात एखादे अक्षर चुकले, की यंत्र सुरू होऊन पडद्यावर नुसता एक सपाट रंग उरे. बटन नाही, पट्टी नाही, चित्र नाही. यंत्र आत जिवंत आहे. परंतु त्याच्याशी बोलावयाचे कोठून? मग जुन्या डॉसच्या काळ्या पडद्यावर उतरून, ती फाइल उघडून, त्या ओळीत एक्सप्लोररचे नाव पुन्हा लिहावे लागे. हे ज्याने एकदा केले त्याची यंत्राविषयीची भीती कायमची गेली असावी. मेज दिसते ते खरे मेज नाही, ते कोणीतरी रंगविलेले आहे, आणि रंगविणारा बदलता येतो, हे त्याने स्वतःच्या हाताने पडताळून पाहिलेले असे.

नव्या कवचाला अडचणी फार होत्या. एक्सप्लोरर नाहीसा झाला की त्याच्या उजव्या कोपऱ्यातील छोट्या चित्रांची जागाही नाहीशी होई, आणि ज्या आज्ञावल्या तेथे आपले चित्र लावू पाहत त्या गोंधळून जात. त्यांना एक्सप्लोररशी बोलण्याची जी भाषा ठाऊक होती तिचे सर्व तपशील मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केलेले नव्हते. हौशी मंडळींनी ते निरोप वाटेत पकडून, त्यांचा अर्थ लावून, आपल्या कवचाला एक्सप्लोररचे सोंग घ्यावयास शिकविले. पुराभिलेखातील अज्ञात लिपी वाचण्यासारखेच ते काम होते. फक्त ताम्रपट दर नव्या आवृत्तीबरोबर बदलत असे.

याच काळात, या हौशी लोकांना फारशी कल्पना नसताना, त्याच ओळीवरून एक मोठा झगडा सुरू झालेला होता. संगणक बनविणाऱ्या काही कंपन्यांनी प्रथमच यंत्र विकत घेणाऱ्या ग्राहकासाठी स्वतःची कवचे तयार केली होती. पॅकर्ड बेलच्या ‘नॅव्हिगेटर’मध्ये एका घराच्या खोल्या दिसत, कॉम्पॅकच्या ‘टॅबवर्क्स’ला वहीचे रूप होते. खुद्द मायक्रोसॉफ्टनेही मार्च १९९५ मध्ये ‘बॉब’ नावाचे घराच्या खोल्यांचे एक कवच विकावयास काढले होते. त्याची इतकी थट्टा झाली की वर्षभरातच ते गुंडाळावे लागले. १९९६ साली मात्र मायक्रोसॉफ्टने उत्पादकांवर कडक अटी लादल्या. यंत्र प्रथम सुरू होताना विंडोजचा क्रम बदलावयाचा नाही, आणि विंडोजच्या देखाव्याऐवजी दुसरा कोणताही देखावा आपोआप उभा करावयाचा नाही, असे त्यांत होते. ह्यूलेट-पॅकार्डने याबद्दल मायक्रोसॉफ्टला चिडून लिहिले. नवख्या ग्राहकांचा गोंधळ वाढून त्याचा भुर्दंड आपल्याला पडतो, अशी तिची तक्रार होती. मे १९९८ मध्ये अमेरिकेच्या सरकारने मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीविरोधी खटला भरला, तेव्हा या अटीही न्यायालयापुढे आल्या.

वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने २८ जून २००१ रोजी त्याचा निर्णय दिला. उत्पादकांवरील बहुतेक अटी स्पर्धेला मारक म्हणून बेकायदा ठरल्या. परंतु विंडोजचा पडदा ग्राहकाच्या दृष्टीस कधीच पडू न देणारे कवच आपोआप सुरू करण्यास केलेली मनाई न्यायालयाने उचलून धरली. असे कवच म्हणजे ग्रंथस्वामित्व असलेल्या कृतीत केलेला फार मोठा फेरफार होय, असे तिचे समर्थन मान्य झाले. जे कवच एकेकाळी गाभ्यापासून मुद्दाम वेगळे काढलेले होते, ते कायद्याच्या दृष्टीने पुन्हा गाभ्याला चिकटले. अर्थात हा निर्बंध विकणाऱ्यावर होता. घरी बसून ती ओळ आपल्या हाताने बदलणाऱ्यावर नव्हता. त्यामुळे घडले असे की, यंत्राचे मुख बदलण्याचा अधिकार फक्त त्याच्याकडे उरला, ज्याला ती फाइल कोठे असते हे ठाऊक होते. ज्याला ते ठाऊक नव्हते, त्याच्यासाठी दुसऱ्या कोणी ते करून देण्याची वाट बंद झाली. या खटल्याच्या इतिहासात ब्राउझरच्या भांडणाचा उल्लेख सर्वत्र आढळतो. कवचाच्या या परिच्छेदाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही, याचे नवल वाटते. नोव्हेंबर २००२ मध्ये मान्य झालेल्या तडजोडीच्या निमित्ताने विंडोजच्या अंतर्भागातील अनेक अप्रकाशित संकेत मायक्रोसॉफ्टला प्रसिद्ध करावे लागले. हौशी लिपीवाचकांना त्यांतील काही आधीच वाचता येत होते.

तिकडे रूपसजावटीची लाट शेलच्या बाहेरही पसरली होती. जस्टिन फ्रँकेल याच्या ‘विनॅम्प’ या गाणी ऐकविणाऱ्या आज्ञावलीला १९९८ पासून ‘स्किन’ म्हणजे हवे ते कातडे चढविता येऊ लागले. स्टारडॉक कंपनीच्या ‘विंडोब्लाइंड्स’ने खिडक्यांच्या चौकटी बदलण्याची सोय केली. मॅकिंटॉशवर ‘कॅलिडोस्कोप’ हेच काम करी. ७ ऑगस्ट २००० रोजी सुरू झालेल्या ‘डेव्हियंटआर्ट’ या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या चित्रसंग्रहात आरंभी अशाच कातड्यांचा आणि पडद्यांच्या सजावटीचा भरणा असे. आपल्या पडद्याचे छायाचित्र काढून इतरांना दाखविण्याची चढाओढ चाले, आणि अमक्याने तमक्याचे बटन चोरले यावरून भांडणेही होत.

चोरीच्या या प्रश्नाला एक गमतीदार वळण मिळाले. डिसेंबर १९९६ मध्ये ॲपलने नेक्स्ट ही कंपनी विकत घेण्याचे जाहीर केले, आणि नेक्स्टची ती गोदी पुढे ॲपलच्या नव्या प्रणालीत पडद्याच्या तळाशी येऊन बसली. २००० साली या प्रणालीचे पाण्याच्या थेंबासारखे तुकतुकीत रूप लोकांपुढे येताच हौशी मंडळींनी त्याची कातडी करून विंडोजवर चढविली, आणि ॲपलच्या वकिलांची पत्रे त्यांना जाऊ लागली. नेक्स्ट मरणपंथास लागले असता ज्यांनी त्याच्या गोदीची इतकी वर्षे नक्कल केली, त्यांना तेव्हा कोणी हटकले नव्हते. हटकले असते तर ते रूप पाहिलेला माणूस १९९७ साली विरळाच सापडला असता.

भारतात ही हौस थोड्या लोकांपर्यंतच पोहोचली. विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, म्हणजे विंडोज ९५ अवतरण्यापूर्वी अवघे नऊ दिवस. टेलिफोनच्या तारेवरून लहानशी फाइल उतरवून घेण्यासही वेळ आणि पैसा बराच लागे. त्यामुळे येथील विद्यार्थ्यांना अशा आज्ञावल्या मिळत त्या मुख्यतः संगणकविषयक मासिकांच्या अंकाबरोबर येणाऱ्या तबकड्यांतून. ‘पीसी क्वेस्ट’ने वाटलेल्या लिनक्सच्या तबकड्यांनी पडद्याचे रूप निवडता येते ही गोष्ट कित्येकांना प्रथम दाखविली. त्या मोकळेपणाचा एक लाभ मराठीलाही झाला. लिनक्सवरील ‘केडीई’ आणि ‘ग्नोम’ या मेजांवरील शब्द मूळ आज्ञावलीपासून वेगळ्या फाइलींत ठेवलेले असल्यामुळे, स्वयंसेवकांना कंपनीच्या परवानगीची वाट न पाहता त्यांचे मराठी भाषांतर करता आले. यंत्राच्या मुखावरील भाषा हादेखील त्याच्या रूपाचाच एक भाग आहे; आणि तो बदलण्यास कोणाची अनुज्ञा लागते, या प्रश्नाचे येथे मिळालेले उत्तर आपल्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे.

ऱ्हास कोणत्या एका घटनेने झाला नाही. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीत रूप बदलण्याची सोय प्रथमच अंगभूत होती, पण मायक्रोसॉफ्टची अंकीय मुद्रा असलेले रूपच ती स्वीकारी. हौशी मंडळींनी तो पहारेकरी असलेली फाइलच दुरुस्त करून टाकली. ‘ब्लॅकबॉक्स’, ‘जिओशेल’, ‘इमर्ज’ अशी नवी कवचे निघत राहिली. परंतु स्मृती स्वस्त झाली, तेव्हा हलक्या कवचाची निकड उरली नाही. एक्सप्लोरर पूर्वीसारखा कोसळेनासा झाला. लोकांचे काम मेजावरून ब्राउझरच्या आत गेले, आणि जे मेज दिवसभर झाकलेलेच असते ते सजवावयाचे कोणासाठी? वापरणाऱ्यांची मर्जी मोडली गेली तेव्हा मात्र जुनी ऊर्मी पुन्हा उसळून आली. ऑक्टोबर २०१२ मधील विंडोज ८ ने स्टार्ट बटनच काढून टाकले, त्या वेळी ‘क्लासिक शेल’ या फुकट आज्ञावलीने ते असंख्य लोकांना परत मिळवून दिले. २०२१ साली विंडोज ११ आले तेव्हा खालची पट्टी पडद्याच्या कडेला किंवा माथ्यावर नेण्याची, १९९५ पासून चालत आलेली साधी सोयही त्यात ठेवलेली नव्हती. पूर्वी लोक निराळे रूप मिळावे म्हणून कवच बदलीत. आता पूर्वीचेच रूप टिकावे म्हणून त्यांना धडपडावे लागले. या हौसेची हुरहूर झाली ती बहुधा येथेच.

तिच्याकडे डोळे झाकून पाहण्याचे कारण नाही. लाइटस्टेपचे पुष्कळसे पडदे गडद, गिचमिड आणि वाचावयास कठीण असत. नऊ बिंदूंच्या अक्षरांत घड्याळ, स्मृतीचा आलेख आणि हवामान दाखविणाऱ्या त्या पट्ट्या प्रत्यक्ष कामापेक्षा छायाचित्रासाठीच अधिक मांडलेल्या असत. यंत्र दिवसातून दोनदा कोसळे, आणि त्याचाही अभिमान बाळगला जाई. तथापि एका पडद्याचे अनेक पडदे करण्याची जी सोय या कवचांत १९९८ च्या सुमारास रुळलेली होती, ती विंडोजने स्वतःच्या अंगी आणली २०१५ साली, हेही नोंदले पाहिजे.

सप्टेंबर २०२० मध्ये ॲपलच्या आयफोनवर आपल्या आवडीची चित्रे मांडण्याची एक पळवाट लोकांना सापडली, आणि काही आठवड्यांत लक्षावधी तरुण-तरुणींनी आपले पडदे एका रंगात रंगवून काढले. प्रत्येक चित्रामागे आज्ञांची एक छोटी साखळी हाताने गुंफावी लागे आणि आज्ञावली उघडण्यास क्षणभर अधिक वेळ लागे. तरी त्यांनी ते केले. लाइटस्टेपचे नावही न ऐकलेल्या पिढीची ही गोष्ट आहे.

जुन्या कारागिरीचे अवशेष विषम प्रमाणात उरले आहेत. विनॅम्पची पासष्ट हजारांहून अधिक कातडी एका अंकीय संग्रहालयात जतन झाली असून ती आजही पाहता येतात. लाइटस्टेपच्या सजावटींचे तसे झाले नाही. एक सजावट म्हणजे चित्रे, स्टेप डॉट आरसी आणि दहा-वीस सुटे भाग यांची जुळणी. त्यांतील एक भाग हरवला की बाकीचे उभे राहत नाहीत. जेथे ती ठेवलेली असत ती अनेक स्थळे बंद पडली. कित्येक सजावटींचे आता एखादे छायाचित्र तेवढे उरले आहे, आणि त्यावरून ती हलत-चालत असताना कशी होती याचा अंदाज बांधावा लागतो.

ती ओळ मात्र अजून विंडोजमध्ये आहे. साध्या फाइलीतून निघून ती ‘रजिस्ट्री’ नामक नोंदवहीत खोलवर गेली आहे, परंतु तिच्यात आजही एक्सप्लोररचेच नाव असते व ते आजही बदलता येते. मायक्रोसॉफ्टने मोठ्या ग्राहकांसाठी तशी रीतसर सोयही करून ठेवली आहे. तिचा उपयोग होतो तो एकाच कामाला वाहिलेल्या यंत्रांवर. माहिती देणारे सार्वजनिक पडदे, दुकानातील नोंदणीयंत्रे अशांवर. तेथे एक्सप्लोररच्या जागी एकाच आज्ञावलीचे नाव लिहितात, म्हणजे समोर उभ्या राहणाऱ्याला त्या एका पडद्यापलीकडे कोठेही जाता येत नाही.